तलाव हिरवा पडतो तेव्हा: लहान तलावातलं खतावलेलं पाणी ओळखणं, मोजणं आणि आवरणं

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात तलाव भरतो तो बहुधा परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. द्राक्षाची फळछाटणी याच सुमाराला असते. बोदात (वेलींच्या उंच वाफ्यात) शेणखत, कोंबडखत आणि सुपर फॉस्फेट किंवा डीएपीचा बेसल (सुरुवातीचा) डोस नुकताच भरलेला असतो, रब्बीची पेरणीही तोंडावर आलेली असते. वर्षातला मोठा पाऊस आणि वर्षातला मोठा खतडोस एकाच पंधरवड्यात येतात आणि ओढा ते दोन्ही घेऊन तलावात उतरतो. फेब्रुवारीनंतर पाण्यावर हिरवी साय धरते, मार्च-एप्रिलमध्ये वास सुटतो, एखाद्या सकाळी मासे वर येतात, आणि मग ग्रामपंचायतीत मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकायची चर्चा सुरू होते. तोवर फार उशीर झालेला असतो. हिरव्या पाण्याचं मूळ ओढ्यात असतं, उपायाची सुरुवातही तिथूनच करावी लागते.

हा लेख पाझर तलाव, गावतलाव आणि लघुपाटबंधारे तलाव सांभाळणाऱ्यांसाठी आहे. नेर, मायणी, राजेवाडी यांसारख्या ब्रिटिश काळातल्या मोठ्या तलावांनाही तत्त्वं हीच लागू होतात, पण तिथली आकडेमोड आणि परवानग्या वेगळ्या.

आधी हिशोब: किती खत म्हणजे जास्त?

गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुतेक वेळा स्फुरदावर (फॉस्फरसवर) अडलेली असते. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं तर काही जातींचं निळं-हिरवं शेवाळ (सायनोबॅक्टेरिया) हवेतून ते घेऊ शकतं. स्फुरद हवेतून मिळत नाही, ते बाहेरून वाहूनच यावं लागतं. म्हणून लक्ष स्फुरदावर ठेवायचं.

तलावात पाणी किती, हे काढायला ढोबळ माप पुरतं. पाण्याचं क्षेत्र (चौरस मीटर) × सर्वांत खोल जागेची खोली (मीटर) × ०.४. आपल्याकडच्या बशीसारख्या तलावांना हा गुणक ठीक बसतो. क्षेत्र ४ हेक्टर आणि खोली ६ मीटर असेल तर पाणी साधारण ९६,००० घनमीटर, म्हणजे सुमारे एक लाख.

आता डीएपीचं एक पोतं घ्या. ५० किलोच्या पोत्यावर ४६ टक्के स्फुरद लिहिलेलं असतं, म्हणजे २३ किलो. पण हा आकडा पी-टू-ओ-फाइव्ह या रूपातला आहे. ०.४३६ ने गुणलं की निव्वळ स्फुरद निघतं, सुमारे १० किलो. दहा किलो स्फुरद एक लाख घनमीटर पाण्यात मिसळलं की लिटरला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम होतं. एकूण स्फुरद लिटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की तलाव खतावलेला (अन्नद्रव्यांनी जास्त भरलेला) धरतात, १०० च्या वर गेलं की अतिखतावलेला. म्हणजे चार हेक्टरचा तलाव बिघडवायला एका पोत्याएवढं स्फुरद पुरतं. पाणलोटात दरवर्षी किती पोती पडतात, हे प्रत्येक गावाला ठाऊक असतं.

याच मापाने बाकीचे स्रोतही तोला. एक टन कोंबडखतात साधारण १० ते १५ किलो स्फुरद असतं, म्हणजे वरच्या एका पोत्याइतकं किंवा त्याहून जास्त. माणसाच्या मलमूत्रातून माणशी दिवसाला १ ते १.५ ग्रॅम स्फुरद जातं. १,००० वस्तीच्या गावात संडासाच्या टाक्यांचं पाणी उघड्या गटारात सोडलेलं असेल, तर हे वर्षाला ३६५ किलोच्या पुढे जातं. त्यातलं निम्मं जरी ओढ्याने तलावात पोचलं तरी ती डीएपीची अठरा पोती झाली. शेतकऱ्याला दोष देण्याआधी गावाचं गटार कुठे जातं, ते पाहा.

मोजणी: चार गोष्टी, फारसा खर्च नाही

पहिलं साधन सेकी तबकडी, पाणी किती नितळ आहे ते मोजणारी. २० सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची किंवा जाड प्लास्टिकची चकती घ्या, तिचे चार भाग करून आलटून पालटून काळे-पांढरे रंगवा. मध्यभागी छिद्र पाडून खाली किलोभराचं वजन आणि वर दोरी बांधा. दोरी न ताणणारी हवी; नायलॉनची ओली झाली की लांबते आणि सगळे आकडे चुकतात. दर १० सेंटिमीटरला पक्क्या रंगाची खूण करा. सकाळी १० ते दुपारी २ च्या दरम्यान, होडीच्या किंवा तराफ्याच्या सावलीच्या बाजूने, गॉगल न घालता तबकडी सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहा.

१९७७ साली रॉबर्ट कार्लसन यांनी या खोलीवरून तलाव किती खतावला आहे याचा निर्देशांक काढायची रीत दिली. २ मीटरला ५०, १ मीटरला ६०, अर्ध्या मीटरला ७०, पाव मीटरला ८०. पन्नासच्या वर तलाव खतावलेला. आपल्या काळ्या मातीच्या मुलखात मात्र एक मोठी अडचण आहे: पावसाळ्यात आणि नंतर दोनेक महिने पाणी गाळानेच गढूळ असतं, तेव्हा हा निर्देशांक काहीच सांगत नाही. खात्री करायला काचेची बाटली भरून रात्रभर न हलवता ठेवा. मातकट थर तळाशी बसला तर गाळ, हिरवं कडं वर तरंगलं तर निळं-हिरवं शेवाळ. पाणी हिरवंच राहून काही वर आलं नाही किंवा खालीही बसलं नाही, तर बहुधा साधं हिरवं शेवाळ. डिसेंबर ते मे या काळातल्या नोंदीच एकमेकींशी ताडून पाहा.

दुसरी मोजणी विरघळलेल्या प्राणवायूची. एकाच वेळचा आकडा फसवतो. दुपारी तीनला शेवाळ प्राणवायू सोडत असतं, तेव्हा लिटरला १२ मिलिग्रॅमही दिसतील. पहाटे साडेपाचला तेच शेवाळ श्वसन करून तो खाऊन टाकतं आणि आकडा २ वर येतो. म्हणून दोन्ही वेळा मोजा. पहाटेचा आकडा ५ च्या वर असावा. ३ च्या खाली मासे त्रासतात, २ च्या खाली मरू लागतात. विंकलर पद्धत (बाटलीत रसायनं घालून प्राणवायू मोजायची रीत) वापरत असाल तर बाटलीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका आणि मँगनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड काठावरच घाला. बाटली तशीच घेऊन प्रयोगशाळेत गेलात तर वाटेतच आकडा बदलतो. २०० मिलिलिटर नमुन्याला ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेट वापरलं, तर जितके मिलिलिटर लागतील तितकेच मिलिग्रॅम प्रति लिटर, वेगळं गणित नको.

तिसरा सामू (पीएच), तोही पहाटे आणि दुपारी. सकाळी ८ आणि दुपारी ९.५ असा फरक पडत असेल तर शेवाळ जोरात आहे. हा फरक माशांच्या जिवावर बेततो, कारण पाण्यातल्या अमोनियाचा विषारी भाग सामूबरोबर वाढतो. २५ अंशांना सामू ८ असताना एकूण अमोनियाचा सुमारे ५ टक्के भाग विषारी रूपात असतो, ९ ला तोच ३६ टक्के होतो.

चौथी स्फुरदाची तपासणी. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबून.

पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत स्फुरद नसतं. आयएस १०५०० या मानकात नायट्रेटला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, फॉस्फेटला मर्यादाच नाही. त्यामुळे ‘पाणी पिण्यायोग्य’ असा अहवाल हातात असूनही तलाव हिरवागार असू शकतो. प्रयोगशाळेकडे ‘एकूण स्फुरद’ असं स्पष्ट मागा. नुसतं ‘फॉस्फेट’ मागितलं की बहुधा विरघळलेलं फॉस्फेट मोजून देतात, आणि हिरव्या पाण्यात ते जवळजवळ शून्य येतं, कारण शेवाळाने ते आधीच खाल्लेलं असतं. अहवालात शून्य आणि डोळ्यांसमोर हिरवा तलाव, या गोंधळात अनेक गावं पडतात. यंत्राची किमान मोजक्षमताही विचारा, ०.१ मिलिग्रॅमच्या खालचं दिसत नसेल तर ती तपासणी आपल्या कामाची नाही, आपली सीमारेषा ०.०३५ वर आहे.

एककं नीट वाचा. आकडा फॉस्फेट म्हणून दिला असेल तर ३.०७ ने भागल्यावर स्फुरद मिळतं. नायट्रेटला ४.४३ ने भागलं की नत्र.

नमुन्याची बाटली साबणाने कधीच धुऊ नका, साबण-पावडरीत फॉस्फेट असू शकतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने विसळून, मग तलावाच्याच पाण्याने तीनदा खळबळून भरा. बर्फाच्या डब्यात, चार अंशांच्या आसपास, अंधारात ठेवा. विरघळलेल्या फॉस्फेटसाठी नमुना जागेवरच गाळून ४८ तासांत तपासायला हवा. एकूण स्फुरदाच्या बाटलीत प्रयोगशाळेने सांगितल्याप्रमाणे सल्फ्युरिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणला, तर २८ दिवस चालतात.

जागा तीन: ओढ्याचं तोंड, तलावाचा मध्य, विमोचकाजवळची (पाणी सोडायच्या दाराजवळची) खोल जागा. खोल जागी दोन नमुने, एक अर्ध्या मीटरवरून आणि एक तळाच्या अर्धा मीटर वर. बाटलीला दगड बांधून, बुचाला वेगळी दोरी लावून खाली गेल्यावर बूच ओढलं की काम होतं. सगळ्यात मोलाचा नमुना मात्र पहिल्या मोठ्या पुराचा, ओढ्यातला. तो पहिल्या तासाभरात घ्यावा लागतो, कारण साचलेली घाण आणि सैल माती तेव्हाच वाहते. दुसऱ्या दिवशी निवांतपणे घेतलेला नमुना निरर्थक. टेंभू, म्हैसाळ किंवा ताकारी या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याने तलाव भरला जात असेल, तर आवर्तन सुरू असताना पाइपाच्या तोंडाशीही एक नमुना घ्या. नाहीतर आलेल्या स्फुरदाचा दोष नको तिथे लागतो.

आवक रोखणं

सुरुवात गाळपेरीपासून करा. तलाव आटत जातो तशी उघडी पडणारी जमीन कसायला दिली जाते. तिथे टाकलेलं खत पुढच्या पावसात तलावातच विरघळतं, मधे कसलाच अडसर नसतो. गाळपेर द्यायचीच असेल तर रासायनिक खत, कोंबडखत आणि तणनाशक वापरायचं नाही ही अट करारात लिहून घ्या. त्या गाळात मुळातच इतकं अन्न असतं की हरभऱ्याला किंवा कडवळाला वरखताची गरज क्वचितच पडते. मे महिन्यापर्यंत पीक काढून, धसकटंही बाहेर न्यायची; ती पाण्याखाली कुजली तर घेतलेलं स्फुरद परत देतात आणि प्राणवायूही खातात.

वरच्या शेतांमध्ये ताली (बांध) दुरुस्त असणं हा खरा उपाय आहे. स्फुरद बहुतांशी मातीच्या बारीक कणांना चिकटून वाहतं. बांध फुटलेलं एक उतारावरचं रान संपूर्ण वाडीइतकं स्फुरद तलावात पाठवू शकतं. बागायतदारांशी बोलताना माती परीक्षण हाच मुद्दा पुढे ठेवा. वर्षानुवर्षं बेसल डोस आणि वरून ठिबकातून फॉस्फरिक आम्ल घेतलेल्या बागांत स्फुरद साठलेलं असतं. अहवाल ‘जास्त’ असा आला तर डोस कमी करण्यात बागायतदाराचेच पैसे वाचतात. बेसल डोस बोदात गाडून मातीने झाकावा. उघडं पसरलेलं कोंबडखत आणि त्यावर आलेला परतीचा पाऊस, याहून वाईट जोडी नाही. विट्याकडच्या पट्ट्यात पोल्ट्री बऱ्याच आहेत. खताचे ढीग ओढ्यापासून दूर, उंचवट्यावर आणि ताडपत्रीखाली असावेत.

गावाच्या सांडपाण्याला पहिला पर्याय शोषखड्डा. मुरमात तो उत्तम चालतो, काळ्या चिकट मातीत वर्षभरात तुंबतो. खड्डा खणल्यावर बादलीभर पाणी ओतून पाहा. तासाभरात उतरलं नाही तर तिथे शोषखड्ड्यावर पैसे घालू नका. अशा ठिकाणी खडीचा वाफा करा: ६० सेंटिमीटर खोल, १० ते २० मिलिमीटर खडी, तळाला जाड प्लास्टिक कागद, शंभराला एक उतार, वर कर्दळ किंवा पाणकणीस. माणशी रोज ४० लिटर सांडपाणी धरलं तर माणशी एक चौरस मीटर वाफ्यात पाणी सहा दिवस राहतं, ते पुरतं. आधी गाळ आणि चरबी अडवणारी टाकी नसेल तर खडी दोन वर्षांत बुजते. मात्र खडीचा वाफा घाण आणि वास काढतो, स्फुरद फार काळ धरत नाही. म्हणून वाफ्यातून निघालेलं पाणी तलावात न सोडता नारळीला, हत्तीगवताला नाहीतर केळीला द्या. गवत कापून नेलं की स्फुरदही जनावराच्या पोटात गेलं.

ओढ्याच्या तोंडाशी गाळकुंड हवं. तलावाच्या क्षेत्राच्या ५ ते १० टक्के जागेत, मीटर-दीड मीटर खोल, पुढे दगडी जाळीचा ठेंगणा बांध. पूर तिथे मंदावतो, वाळू आणि जाड गाळ बसतो. काळ्या मातीचे अतिबारीक कण तिथे पूर्ण बसत नाहीत, म्हणून गाळकुंडापलीकडे वीस-तीस मीटर लव्हाळा, वाळा आणि पाणकणीस राहू द्या. दर मे महिन्यात कुंड उपसलं नाही, तर पुढच्या पहिल्याच पुरात साठलेला सगळा गाळ एकदम तलावात जातो. उपसायची सोय आणि पैसा नसेल तर कुंड न केलेलं बरं.

बेंदराला बैल धुणं, गोधड्या, ट्रॅक्टर, निर्माल्य, यांचा वाटा गटाराच्या मानाने लहान असतो, पण तो पाणी उपसायच्या विहिरीजवळ पडत असेल तर त्रास मोठा. सांडव्याखाली वेगळा हौद बांधून दिला की लोक आपणहून तिकडे जातात. नुसती पाटी लावून कोणी जात नाही. गणेश विसर्जनालाही कुंड वेगळं ठेवा. प्लास्टरच्या मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटमध्ये विरघळवल्यावर उरणारं पाणी नत्रयुक्त असतं, ते ओढ्यात ओतू नका.

तलावात आधीच साठलेलं

आवक थांबवली तरी तळाचा गाळ काही वर्षं स्फुरद सोडत राहतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. तळाचा प्राणवायू संपला की लोहाला बांधलेलं स्फुरद सुटं होतं. वळवाच्या वाऱ्यापावसात सगळं पाणी ढवळलं जातं, तळाचं बिनप्राणवायूचं पाणी वर येतं, मासे मरतात आणि शेवाळाला नवं खत मिळतं. तळाच्या नमुन्यात स्फुरद वरच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट असेल तर गाळ काढायला कारण आहे, एरवी घाई नको.

गाळ काढताना सगळ्यात वरचे १० सेंटिमीटर महत्त्वाचे, सुटणारं स्फुरद तिथेच जास्त असतं. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत हा गाळ शेतकरी घेऊन जातात. तो पाणलोटाबाहेरच्या किंवा ताली असलेल्या रानात पडू द्या. काठावर ढीग लावला तर जूनमध्ये परत येतो. बांधाच्या पायथ्यापासून किती अंतर सोडायचं, हे जलसंधारण विभागाच्या अभियंत्याकडून चुना टाकून आखून घ्या. पोकलेनवाल्याच्या अंदाजावर ते सोडू नका.

जलपर्णी काढण्याबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. ती ९५ टक्के पाणीच असते. एक टन ओल्या जलपर्णीत साधारण २०० ग्रॅम स्फुरद. दहा किलो काढायला ५० टन उपसावे लागतात. तरीही काढायचीच, कारण ती पाणी झाकते आणि कुजून तळ बिघडवते. पण काढल्याने तलाव शुद्ध झाला असं समजू नका. फुलायच्या आधी काढा, आणि काठापासून लांब कंपोस्ट करा.

मासेमारीच्या ठेक्यात दोन अटी असाव्यात: तलावात शेण, कोंबडखत किंवा खाद्य टाकायचं नाही, आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) मासा सोडायचा नाही. तो तळ उकरून खातो आणि गाळातलं स्फुरद वर आणतो. गवत्या मासा (ग्रास कार्प) पाणवनस्पती खातो, पण त्याच्या विष्ठेतून स्फुरद पाण्यातच राहतं आणि वनस्पती गेल्यावर शेवाळाला मोकळं रान मिळतं.

मोरचुदाबाबत मत स्पष्ट आहे: पिण्याच्या तलावात टाकू नका. शेवाळ एकदम मरतं, कुजताना प्राणवायू संपवतं, निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशी फुटून विष पाण्यात येतं, आणि तांबं गाळात कायमचं राहतं. आपल्या क्षारयुक्त पाण्यात त्याचा परिणामही अर्धवट होतो, मग लोक मात्रा वाढवत जातात. तुरटी स्फुरद बांधते हे खरं, पण वरच्या एक लाख घनमीटरच्या तलावाला लिटरला ५० मिलिग्रॅम धरली तरी ५ टन लागते, सामू ९ च्या वर असेल तर ती पुन्हा विरघळते, आणि पुढच्या पुराबरोबर स्फुरद परत येतं. ओढा बंद न करता ती टाकणं पैसे बुडवणं आहे. जिवाणूंच्या पावडरींनाही हेच लागू: त्या स्फुरद नाहीसं करू शकत नाहीत.

हिरवी साय आलीच तर

काडी बुडवून पाहा. लांब धागे लटकले तर साधं शेवाळ, फारसा धोका नाही. हिरवा रंग सांडल्यासारखी, वाऱ्याने एका काठाला लोटलेली साय असेल तर ती निळ्या-हिरव्या शेवाळाची समजून चाला. त्या काठावर जनावरं पाजू नका, मुलांना पोहू देऊ नका. पाणी उकळून विष जात नाही, उलट पेशी फुटून ते जास्त सुटतं.

नळयोजनेचं पाणी साधारण मीटर-दीड मीटर खोलीवरून आणि तळाच्या किमान मीटरभर वरून उचला. वर साय असते. तळाला लोह, मँगनीज आणि कुजका वास. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर कच्च्या पाण्यात घालू नका. आधी तुरटी देऊन निवळवा, वाळूतून गाळा, त्यानंतर क्लोरीन. सामू ८ च्या खाली ठेवून, ३० मिनिटांनंतरही लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरत असेल तर मायक्रोसिस्टिन, म्हणजे निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष, बऱ्याच अंशी मोडतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम दिली आहे. सामू ९ असेल तर क्लोरीनचा जोर फार कमी होतो, म्हणून डोस वाढवण्याआधी सामू पाहा.

मासे पृष्ठभागावर तोंड काढू लागले तर मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत पंप लावून वरचंच पाणी फवाऱ्यासारखं उडवा. पाइपाचं तोंड तळाला टाकू नका, तिथलं पाणी वर आलं की उरलेले मासेही जातात. मेलेले मासे त्याच दिवशी काढून लांब पुरा.

नोंदवहीत तारीख, वेळ, पाण्याची पातळी, सेकी खोली, पहाटेचा प्राणवायू, सामू, काठाचा रंग, आणि त्या आठवड्यात ओढ्याला पाणी आलं का, इतकं लिहा. पंधरा दिवसांतून एकदा, नेहमी त्याच जागी. आवक थांबवल्यावर पहिल्या उन्हाळ्यात फरक दिसला नाही म्हणून काम सोडू नका. गाळातलं स्फुरद ओसरायला काही वर्षं लागतात. दरवर्षीच्या मार्च महिन्यातली सेकी खोली शेजारी शेजारी लिहा. तिथे ४० च्या जागी ६० सेंटिमीटर दिसले की ओढ्यावरचं काम लागू पडलं.